तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

माझा नवरा आटगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला गणिताची भीती वाटायची. गणिताच्या बाईशी लग्न करूनही ती गेली नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात मात्र तो कायम ‘तो’च होता, म्हणून इथेही तसंच लिहिते.

एका वर्षी भात कापून झालं होतं आणि अंगणातलं खळं नुकतंच सारवलं होतं. शेण ओलं होतं, त्यामुळे कुणी पाय ठेवू नये म्हणून आम्ही दोघं ओटीवर राखण करत बसलो होतो. मी आठवीच्या पेपरांचा गठ्ठा घेतला होता. एका पेपरात डोकावून त्याने विचारलं, “मूळ संख्या म्हंजे नक्की काय गो?”

मी म्हटलं, जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं कोणीच पुरतं भागू शकत नाही, ती. सातला कोणी भागत नाही, अकराला नाही, एकतीसला नाही.

“म्हंजे कुणाच्या वाटणीत न येणारी.”

व्याख्या वाईट नव्हती. मला जरा कौतुक वाटलं, पण मी ते दाखवलं नाही. काठी घेतली आणि ओल्या शेणात कडेला लिहिलं, ३१. त्याखाली ३३१. त्याखाली ३३३१. दर वेळी डाव्या बाजूला एक तीन वाढवत गेले. बी.एड.ला आमच्या एका सरांनी ही गंमत सांगितली होती. एकतीस मूळ, तीनशे एकतीस मूळ, तेहतीसशे एकतीसही मूळ, आणि असं करत करत सात पायऱ्यांपर्यंत प्रत्येक संख्या मूळ निघते. आठव्या पायरीचं सरांनी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आठवी त्याने स्वतः लिहिली. आठ तीन आणि शेवटी एक. मग आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन मोठ्याने वाचली. “तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. तेहतीस कोटी देव झाले. मग हे वरचे तेहतीस लाख कोण?”

“त्यांचे जावई,” मी म्हटलं.

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “हीपण मूळच असणार.”

“असणार म्हणजे काय? भागून बघावं लागतं.”

“सात झाल्या ना एकामागून एक? आठवी काय येडी हाय?”

याच वाक्यावरून मी दरवर्षी मुलांशी भांडते. सात वेळा झालं म्हणजे आठव्यांदा होतंच असं नाही, सिद्ध करा, करून दाखवा. त्यालाही तेच ऐकवलं. “मग दाखव करून,” तो म्हणाला. मी म्हटलं, बघू सवडीने. तेवढ्यात सासरे बाहेर आले आणि सारवलेल्या खळ्यात काय गिरवून ठेवलंय म्हणून दोघांनाही बोलले. त्याने शेणाचा हात फिरवून सगळ्या संख्या पुसल्या आणि तो विषय तिथेच राहिला.

तो रोज संध्याकाळी घरी यायचा. त्या येण्याला मी कधी ‘सिद्ध कर’ म्हटलं नव्हतं. गेल्या आषाढात एका दुपारी कारखान्यात चहाच्या वेळी तो खुर्चीवर बसला आणि उठला नाही. शाळेत मला मुख्याध्यापिकांनी वऱ्हांड्यात बोलावून सांगितलं. मी “बरं” म्हणाले. खडू आणि डस्टर टेबलावर राहिलं होतं ते आणायला वर्गात परत गेले, फळा पुसला, डस्टर झटकलं आणि मग निघाले. पुढे कितीतरी जणींनी मला धीराची म्हटलं. धीर वगैरे काही नव्हता. मला काहीच वाटत नव्हतं, एवढंच. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं मला सगळंच दुसऱ्याचं वाटत होतं.

घरात आता दोघंच उरलो, मी आणि सासरे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. मूलबाळ नाही. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा मुळातच कमी बोलणारे, आता तेवढंही बोलेनात. सुतकात मला चुलीपाशी जायचं नव्हतं, शाळेत जायचं नव्हतं, कुठेच जायचं नव्हतं. भावकीतल्या बायका येत, माझ्याकडे बघून रडत आणि मी रडत नाही म्हणून एकमेकींकडे बघत. मला त्यांचा कंटाळा यायचा. अशाच एका सकाळी मी जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आठ तीन आणि एक असं लिहिलं आणि भागायला सुरुवात केली.

मोबाइलवर शोधलं असतं तर क्षणात उत्तर मिळालं असतं. ते मला नको होतं. मला काम हवं होतं. इतकी मोठी संख्या मूळ आहे असं म्हणायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. हिचं वर्गमूळ अठरा हजारांच्या पुढे जातं आणि तिथपर्यंत मूळ संख्या भरतात दोन हजारांवर. म्हणजे रोज थोडं थोडं केलं तरी सहज वर्षभर पुरेल एवढं काम. मला ते फार बरं वाटलं. बरं वाटलं हा शब्दही मोठाच झाला, पण त्या दिवसांत त्यातल्या त्यात तेच.

शेवटी एक आहे, म्हणजे दोन आणि पाच गेले. अंकांची बेरीज पंचवीस, म्हणजे तीनही गेला. सातने भागलं, दोन उरले. अकराने एक उरला. तेराने सहा. मग सतरा. तेहतीसातून सतरा गेले, उरले सोळा. वरचा तीन खाली घेतला, एकशे त्रेसष्ट. सतरा नवे एकशे त्रेपन्न. अशी खाली खाली उतरत शेवटच्या अंकापाशी आले, तो एक खाली घेतला आणि लिहिलं, ५१. तेवढ्यात चुलत सासूबाईंनी हाक मारली. तो दहावा दिवस होता आणि बायका बांगड्यांसाठी आल्या होत्या.

आता पुष्कळ ठिकाणी हे करत नाहीत. आमच्याकडे करतात. त्या मला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. एकीच्या हातात पाट होता, दुसरीच्या हातात बत्ता. मी म्हटलं, फोडायच्या कशाला, मी काढून देते. साबण लावून एकेक बांगडी काढली आणि चुलत सासूबाईंच्या ओंजळीत ठेवली. त्यांना पुढे काय करावं ते कळेना. बत्ता घेतलेली म्हणाली, “अशी रीत नाय गो.” तेव्हा बाहेरून मामांचा आवाज आला, “काढल्या ना? झालं मंग. उठा.” बायका उठल्या. मी हात पुसून परत ओटीवर जाऊन बसले.

कागद तसाच होता. खाली ५१ लिहिलं होतं. मी त्याच्याखाली रेघ मारली, ‘उरले’ असं लिहिलं आणि पुढे एकोणीस घेतला. एकोणिसाने दहा उरले.

अशी मी पुढे चालत राहिले. सुतक संपलं, शाळा सुरू झाली. शाळेतून आले की भाकऱ्या टाकायच्या, मामांना वाढायचं आणि ओटीवर कागद घेऊन बसायचं. श्रावण गेला, गणपती गेले. घरात गणपती बसवला नाही, त्या दिवशी मी चारशेच्या घरात होते. मामा समोर दोर वळत बसायचे. काय करतेस म्हणून त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, भागाकार. ते म्हणाले, “बरं.” नंतर विचारलं नाही.

माझं माहेर मुरबाडला. नवरात्राच्या सुमारास भावाचा फोन आला, की तिथल्या एका शाळेत गणिताची जागा निघतेय, संस्थाचालक ओळखीचे आहेत, तुला घेतील. माहेरच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. “तिथं राहून तू काय करणार?” तो म्हणाला. “म्हाताऱ्याला बघायला त्यांची भावकी हाय. मी मामांशी बोललोय.”

“काय म्हणाले?”

“म्हनले, तिला जसं वाटल तसं.”

मला कसं वाटत होतं हाच तर प्रश्न होता. मला काही वाटतच नव्हतं. जावं असं वाटत नव्हतं, राहावं असंही वाटत नव्हतं. मी भावाला म्हटलं, हातात एक काम आहे, ते पुरं झालं की सांगते. काय काम ते त्याने विचारलं नाही, पेपर तपासणी असेल असं समजला असावा. मी मनाशी ठरवलं, ही संख्या संपली की ठरवायचं. अठरा हजार अजून फार लांब होते. दिवाळी झाली, भाताची कापणी झाली, झोडणी सुरू झाली, तेव्हा मी हजाराच्या जवळ आले होते. मामांनी मुरबाडचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना मीठ हवं का, पाणी तापलंय का, एवढं विचारत होतो. भावाचा पुन्हा फोन आला, की आता सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायलाच हवं, नाहीतर ते दुसरा माणूस घेतील.

त्याच आठवड्यात आठवीला मूळ संख्या आल्या. एका मुलीने फळ्यावर पन्नास आणि साठमधल्या मूळ संख्या लिहिल्या, एक्कावन्न, त्रेपन्न, एकोणसाठ. एक्कावन्न दरवर्षी कोणीतरी लिहितंच. तो दिसायलाच तसा आहे, सज्जन आणि एकटा. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर हात आपटून म्हटलं, “एक्कावन्न मूळ कसा? सतरा त्रिक एक्कावन्न.”

म्हटलं आणि तशीच उभी राहिले. मुलीला वाटलं मी चिडले, तिने घाईघाईने तो आकडा पुसला.

घरी येऊन कागदांच्या गठ्ठ्यातला तळाचा कागद काढला. सतराचा भागाकार. खाली ५१, रेघ, ‘उरले’. भाजकाहून मोठी बाकी उरूच शकत नाही, हे पाचवीच्या पोराला कळतं. आणखी एक पायरी उतरायची होती, सतरा त्रिक एक्कावन्न, बाकी शून्य. म्हणजे सतरा गुणिले एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. उलटा गुणाकार करून पाहिला. बरोबर तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस आले.

आठवी येडीच होती. ती दहाव्या दिवशी सकाळीच संपली होती, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी संपलेल्या कामाला बसले होते. याचंसुद्धा मला काही वाटलं नाही. हसू आलं नाही, रडू आलं नाही. मी पुढच्या संख्यांचं काय होतं ते बघत बसले, कारण हाताला तीच सवय लागली होती. सतरा एकदा आला की दर सोळा पायऱ्यांनी पुन्हा येतो, कायमचा. आणि ज्याच्यापासून सुरुवात केली तो एकतीसही पंधरा पायऱ्यांनी परत येऊन आपल्याच रांगेतल्या एका मोठ्या संख्येला भागतो. ती रांग तशी टिकणार नव्हतीच. कागद गोळा करून मी बंबाजवळ ठेवले. आता काम उरलं नव्हतं आणि सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी मामांनी भात मोजायला काढलं. खळ्यात रास घातली होती. आमच्या घरी मोजणीची एक रीत आहे. मोजणारा पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. पायली राशीत खुपसली की ती भरून पोत्यात पडेपर्यंत तोच शब्द घोकत राहायचं, लाभ, लाभ, लाभ, मग दोन, दोन, दोन. मोजणी चालू असताना मोजणाऱ्याने आकड्याशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही आणि इतरांनी त्याच्याशी बोलायचं नाही. कोणी बोललं तर मोजणी मोडली, सगळं भात परत राशीत ओतायचं आणि लाभापासून सुरू करायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी मध्येच “चहा ठेवू का?” म्हणून विचारलं होतं. मामांनी अर्धी मोजलेली रास परत ओतली होती आणि माझा नवरा पोत्याचं तोंड धरून खाली मान घालून हसत होता.

पोत्याचं तोंड धरायचं काम त्याचं. या वर्षी मी पदर खोचून तिथे बसले. बघते तर पोती दोन. एक घरातलं जुनं, ठिगळ लावलेलं, ते मामांनी टोपलीत उभं करून खांबाला टेकवलं होतं. दुसरं नवं, पांढरं, त्यांनी माझ्या हातात दिलं. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी पायली राशीत खुपसली आणि म्हणाले, “लाभ, लाभ, लाभ.”

लाभाची पायली नेहमी घरच्या पोत्यात पडते. ती त्यांनी माझ्या हातातल्या पांढऱ्या पोत्यात ओतली. मग “दोन, दोन” म्हणत पुढची जुन्या पोत्यात. तीन माझ्याकडे, चार तिकडे.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पाचव्या पायलीला मला कळलं, की माझ्या हातात आहे ते मुरबाडचं पोतं. माझा वाटा. भावाने सांगितलं तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं असणार, आणि मला विचारायला लागू नये, मला सांगायला लागू नये, म्हणून मोजायला बसले होते. मोजणाऱ्याशी बोलता येत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी चार महिने भागाकाराच्या आड बसले, ते आता मोजणीच्या आड बसले.

आणि मला राग आला. पायाच्या तळव्यापासून वर चढत आला. आषाढापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, ते हे. एवढी सरळ वाटणी, एक तुला, एक मला, आणि वरून लाभाची पायलीही मलाच. मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि जे मला इतके दिवस ठरवता येत नव्हतं ते मला स्वच्छ कळलं, की मला मुरबाडला जायचं नाही. मला या घरात राहायचं होतं, या खळ्यापाशी, या न बोलणाऱ्या माणसासमोर दोन वेळच्या भाकरी वाढत. कर्तव्य वगैरे म्हणून नाही. मला तिथेच राहायचं होतं म्हणून.

“मामा,” मी म्हटलं.

“सात, सात, सात,” ते मोठ्याने म्हणाले.

“मामा, मी नाही जात.”

पायली हातात तशीच राहिली. कडेने थोडं भात सांडलं.

“मोजणी मोडलीस गो,” ते म्हणाले.

“मोडली.”

“तुझ्या भावाला सांगून बसलोय मी, अडवणार नाय म्हून.”

“त्याला मी सांगते. तुम्हाला मी विचारलं नव्हतं आणि तुम्हीही मला विचारलं नाहीत. झालं ते झालं.”

“पुढं तुला वाटल, उगा राह्यले.”

“वाटलं तर तेव्हा बोलेन. तुमच्यासारखी गप्प नाही बसणार.”

त्यांनी पायली खाली ठेवली. उठले, गुडघ्यावर हात देत. आधी जुनं पोतं राशीवर पालथं केलं, मग माझ्या हातातलं पांढरं घेतलं आणि तेही पालथं केलं, कोपरे झटकून झटकून, एक दाणा राहू नये असं. पांढरं पोतं मी घडी करून बुडाखाली घेतलं आणि जुन्याचं तोंड धरून बसले.

“परत लाभापासून आलं,” ते म्हणाले.

“येऊ दे.”

त्यांनी पायली राशीत खुपसली, भरून वर उचलली, हाताने सपाट केली. “लाभ,” म्हणाले. पोत्यात ओतली. “लाभ, लाभ.” दुसरी पायली भरून घेतली तरी त्यांच्या तोंडातून लाभच येत होतं. पुढचा आकडा काही निघेना. भरलेली पायली पोत्याच्या तोंडाशी थांबून राहिली होती.

मग मीच म्हटलं, “दोन.”